'डे-झी' : एका लोकनिर्मित खेळाचा उदय आणि ऱ्हास

२०१२ च्या उन्हाळ्यात संगणकीय खेळांच्या बाजारात एक चमत्कारिक गोष्ट घडली. 'आर्मा २' हा तीन वर्षांपूर्वीचा, काहीसा रुक्ष आणि क्लिष्ट म्हणूनच ओळखला जाणारा युद्धखेळ एकाएकी 'स्टीम' या विक्रीकेंद्राच्या यादीत अग्रस्थानी जाऊन बसला. ज्यांनी तो या वेळी विकत घेतला, त्यांपैकी बहुतेकांना त्यातील युद्धात काडीचे स्वारस्य नव्हते. त्यांना हवी होती ती त्या खेळावर चढवलेली, एका माणसाने फावल्या वेळात रचलेली आणि विनामूल्य वाटलेली एक पुरवणी. तिचे नाव 'डे-झी'. अशा पुरवणीला खेळाडूंच्या परिभाषेत 'मॉड' म्हणतात. मूळ खेळाचे यंत्र तेच ठेवायचे, परंतु त्याचे नियम आणि हेतू बदलून त्यातून दुसराच खेळ उभा करायचा, अशी ही रीत. त्याच वर्षीच्या ऑगस्टपर्यंत 'डे-झी' खेळलेल्यांची संख्या दहा लाखांवर गेली होती.

हा मॉड रचणारे डीन हॉल हे न्यूझीलंडच्या लष्करातील अधिकारी. सिंगापूरच्या सैन्याबरोबर प्रशिक्षण घेत असता ब्रुनेईच्या जंगलात तुटपुंज्या अन्नावर तग धरण्याची पाळी आपल्यावर आली होती, आणि 'डे-झी'चे बीज त्या अनुभवात आहे, असे त्यांनी मुलाखतींतून सांगितले आहे. ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे या खेळातील भुकेला इतके महत्त्व का, याचा उलगडा होतो. एरवीच्या युद्धखेळात शत्रूची गोळी हेच मरणाचे कारण असते. येथे माणूस तहानेने मरतो, पाय मोडल्यामुळे मरतो, रक्तस्रावाने मरतो. आणि डबाबंद घेवड्याचा एक डबा बंदुकीइतकाच मोलाचा ठरतो.

खेळाची भूमी 'चेर्नारस' हा सोव्हिएत संघराज्यातून फुटून निघालेला एक काल्पनिक देश. सुमारे २२५ चौरस किलोमीटरचा हा नकाशा 'आर्मा'च्या चेक निर्मात्यांनी, म्हणजे 'बोहेमिया इंटरॲक्टिव्ह' या संस्थेने, आपल्याच देशाच्या उत्तरेकडील डोंगराळ प्रदेशावरून बेतला होता. वास्तवात त्या देशाला समुद्र नाही. नकाशाला मात्र लांबलचक किनारा आहे. शेक्सपिअरने 'द विंटर्स टेल'मध्ये बोहेमियाला समुद्रकिनारा बहाल केला म्हणून बेन जॉन्सनने त्याची थट्टा केली होती. चारशे वर्षांनी बोहेमियाच्याच लोकांनी तो किनारा स्वतः निर्माण केला, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

याच किनाऱ्यावर खेळाडू जागा होतो. आरंभी त्याच्याजवळ एक पिस्तूल असे. लवकरच तेही काढून घेण्यात आले आणि पट्टी, वेदनाशामक गोळ्या व विजेरी एवढ्यावरच त्याची बोळवण होऊ लागली. जिंकण्याची अट नाही, गाठण्याचे ठिकाण नाही, कोणी कामगिरीही सोपवीत नाही. नियम खरा एकच, पण कठोर : मरण अंतिम. खेळाडूचे शरीर, त्याची भूक आणि त्याचे सामान यांची नोंद एका मध्यवर्ती ठिकाणी ठेवली जाई. त्यामुळे तो कोणत्याही सर्व्हरवर गेला तरी तोच असे, आणि एकदा मेला की आठ दिवसांच्या कष्टाने जमवलेले सर्व काही त्या प्रेतापाशी सोडून त्याला पुन्हा रिकाम्या हातांनी किनाऱ्यावर यावे लागे. सर्व खेळाडूंचे सरासरी आयुर्मान जाहीर करण्याची प्रथाही हॉल यांनी पाडली होती. सुरुवातीच्या काळात हा आकडा अर्ध्या तासाच्या आसपास होता.

आता झॉम्बींविषयी. 'डे-झी'तील झॉम्बी हे, खरे पाहता, फारसे यशस्वी पात्र नाही. ते वेडेवाकडे धावत, भिंतींतून आरपार जात, आणि घरात शिरले की धावणे सोडून चालू लागत. ही तांत्रिक उणीव अनुभवी खेळाडूच्या पथ्यावर पडे. परंतु आवाजाने ते ओढले जात, हे महत्त्वाचे. गोळी झाडणे म्हणजे आपला ठावठिकाणा जाहीर करणे होते. अर्थात तो झॉम्बींना जितका कळे तितकाच परिसरातील इतर माणसांनाही कळे, आणि भय वाटायचे ते या माणसांचे.

'डे-झी'चा खरा आशय येथे आहे. रस्त्याच्या वळणावर दुसरा खेळाडू दिसतो. त्याच्या हाती शस्त्र आहे. तो कोठल्या देशाचा, कोणत्या वयाचा, कशाच्या शोधात, काहीच ठाऊक नाही. खेळात जवळच्या माणसालाच ऐकू जाईल असे बोलण्याची सोय होती, आणि ती वापरून विचारला जाणारा प्रश्न जवळजवळ ठरलेला होता : 'फ्रेंडली?' याला होकार आला तरी तो खरा कशावरून? प्रवासात सोबत शोधावी की सोबत टाळावी, हा आडवाटेच्या जुन्या प्रवाशांचा पेच. तो येथे यंत्राच्या साहाय्याने पुन्हा जिवंत झाला. त्याला धार आली ती मरणाच्या अंतिमतेमुळे. गमावण्यासारखे काही असल्याखेरीज विश्वासाला किंमत येत नाही, आणि या खेळाने प्रत्येकाला काहीतरी गमावण्यासारखे दिले होते.

या पेचाभोवती हॉल यांनी दोन विलक्षण नियम रचले. पहिला रक्ताचा. जखमी माणसाला रक्ताची पिशवी चढवता येई, पण आरंभीच्या नियमांनुसार ती स्वतःची स्वतःला चढवता येत नसे. कोणीतरी दुसरा लागे. अन्न मांसातून मिळे, पाणी तळ्यातून मिळे, परंतु या एका गोष्टीसाठी बंदूकधारी परक्यासमोर निश्चल उभे राहण्यावाचून गत्यंतर नव्हते. दुसरा नियम माणुसकीचा, आणि 'माणुसकी' याच नावाचा. प्रत्येकाच्या नावे माणुसकीचे गुण मांडले जात. निरपराध्याची हत्या केली की ते घटत, दुसऱ्याची शुश्रूषा केली की वाढत. ते फार खाली गेले म्हणजे माणसाचा वेशच बदलून तो दुरून दरोडेखोर म्हणून ओळखू येई. ही वेशबदलाची योजना मध्यंतरी काढून टाकली गेली आणि पुढे परत आली. या डळमळीतपणामागे एक तात्त्विक अडचण होती. पाप चेहऱ्यावर दिसू लागले तर संशय उरत नाही, आणि संशय उरला नाही तर हा खेळ उरत नाही. शिवाय स्वसंरक्षणार्थ झाडलेली गोळी आणि लुटीसाठी झाडलेली गोळी यांतला भेद यंत्राला नीटसा कळत नव्हताच.

मॉडच्या ऱ्हासाचे पहिले कारण त्याच्या जन्मातच होते. 'आर्मा'ची रचना खुली होती. कोणीही तिच्यात आज्ञावली लिहून भर घालू शके. हॉल यांच्यासारख्याला एकट्याने नवे जग उभारता आले ते यामुळेच. पण त्याच दारातून फसवेगिरी करणारेही आत आले. सर्व्हरवरील यच्चयावत खेळाडूंना एका क्षणी ठार करणे, सर्वांना उचलून एका जागी नेऊन ठेवणे असले प्रकार सर्रास होऊ लागले. खुल्या संहितेचा हा धोका मराठी वाचकाला अपरिचित नाही. 'ज्ञानेश्वरी'च्या प्रतींत शिरलेले अपपाठ पाहून एकनाथांना शके १५०६ मध्ये तिचे शुद्धीकरण हाती घ्यावे लागले होते. 'डे-झी'ला मात्र एक शुद्ध प्रत लाभली नाही. खाजगी सर्व्हर वाढले, त्यांनी आपापल्या नोंदी वेगळ्या केल्या, व्यापारी आणि बांधकामे आणली, आणि एका जगाच्या अनेक शाखा झाल्या.

दुसरे कारण अधिक खोलवरचे आहे. ज्याला पाठीत गोळी खावी लागली तो पुढच्या वेळी विचारीत बसत नाही. दिसताच गोळी घालणे ही हळूहळू रीतच झाली, इतकी की खेळाडूंनी तिला स्वतंत्र संक्षिप्त नावही दिले. याबद्दल खेळाडूंना दोष देणे सोपे आहे. पण विश्वासघाताची किंमत एवढी जबर आणि विश्वासाचा लाभ एवढा अल्प ठेवल्यावर दुसरे काय होणार होते? आरंभीच्या महिन्यांत माणसे संभ्रमात होती, आणि त्या संभ्रमातूनच सगळ्या संस्मरणीय हकिकती जन्मल्या. नियम अंगवळणी पडले आणि हकिकती आटल्या.

दरम्यान हॉल 'बोहेमिया'त दाखल होऊन स्वतंत्र 'डे-झी'च्या कामाला लागले होते. २०१२ अखेर अपेक्षित असलेला हा खेळ १६ डिसेंबर २०१३ रोजी, तोही अपूर्ण अवस्थेत, विक्रीला आला. चार आठवड्यांत त्याच्या दहा लाख प्रती खपल्या. मधल्या काळात 'द वॉर झी' या स्पर्धकाने घाई करून, अंगी नसलेले गुण जाहिरातीत मिरवून आपली नाचक्की करून घेतली. हॉल यांनी २०१४ मध्ये ती संस्था सोडली. 'पूर्ण' म्हणून खेळ प्रसिद्ध झाला तो डिसेंबर २०१८ मध्ये. पाच वर्षे अपुऱ्या घरात राहिलेल्या भाडेकरूंपैकी बरेच जण तोवर अन्यत्र गेले होते.

ते गेले ते बहुशः 'डे-झी'च्याच वंशजांकडे. ब्रेंडन ग्रीन या आयरिश तरुणाने २०१३ मध्ये या मॉडवर आणखी एक मॉड चढवला. २००० सालच्या 'बॅटल रॉयल' या जपानी चित्रपटावरून त्याला सूचले होते की खेळाडूंना एका जागी सोडावे आणि एकच जिवंत उरेपर्यंत लढू द्यावे. याच कल्पनेतून २०१७ मध्ये 'पबजी' निघाला आणि २०१८ मध्ये तो मोबाइलवर आला. भारतात त्याचे काय झाले हे सर्वश्रुत आहे : मार्च २०१९ मध्ये राजकोट पोलिसांनी तो खेळण्यास बंदी घालून काही तरुणांना अटक केली, आणि २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने इतर अनेक चिनी संबंध असलेल्या अनुप्रयोगांबरोबर त्यालाही बंद केले. नागपूर-नाशिककडच्या ज्या मुलांनी तो हातात धरला, त्यांच्यापर्यंत 'डे-झी'चा नकाशाएवढा विस्तार, शस्त्रांचा शोध आणि अंतिम मरण ही सामग्री पोहोचली. मूळ पेच पोहोचला नाही. भूक गेली, रक्ताची पिशवी गेली, झॉम्बीही गेले. समोरचा कोण, हा प्रश्न तेथे पडतच नाही, कारण आपल्या तुकडीबाहेरचा प्रत्येक जण शत्रू हे खेळ सुरू होण्याआधीच ठरलेले असते.

स्वतंत्र 'डे-झी' पुढे सावरला, नवे नकाशे घेऊन टिकला, आणि २०१८ च्या अखेरीस त्यानेही खेळाडूंना स्वतःचे मॉड रचण्याची मुभा दिली. त्यांतून जे सर्व्हर उभे राहिले त्यांपैकी काहींवर खेळाडूंनी आपले पात्र नाटकातल्यासारखे वठवावे अशी अपेक्षा असते. तेथील नियमावल्या लांबलचक असतात, आणि समोरच्याशी आधी बोलून आपला शत्रुत्वाचा हेतू स्पष्ट केल्याखेरीज त्याच्यावर गोळी झाडू नये, असे कलम त्यांत सहसा आढळते.