पत्राआधी पत

प्रश्नावली बेतण्यात आठवडे जातात. तिच्या निमंत्रणाची ईमेल मात्र शेवटच्या घटकेला खरडली जाते. प्रतिसाद आला नाही की खापर लोकांच्या अनास्थेवर फुटतं. पुष्कळदा लोकांनी ती ईमेल पाहिलेलीच नसते, ती स्पॅममध्ये पडलेली असते. यावर हमखास मिळणारा सल्ला असा, की ‘मोफत’, ‘बक्षीस’ असले शब्द गाळा. पॉल ग्रॅहम यांनी २००२ साली शब्दांच्या वारंवारतेवरून स्पॅम ओळखण्याची पद्धत मांडली, त्या काळात हा सल्ला बराच उपयोगी होता. आजचा स्पॅम फिल्टर शब्दांबरोबरच पाठवणाऱ्याची पत तपासतो, आणि ती शब्द बदलून मिळत नाही.

पहिली कसोटी ओळखीची. समजा, एका महाविद्यालयाला माजी विद्यार्थ्यांचं सर्वेक्षण करायचं आहे. ईमेलवर पत्ता महाविद्यालयाचा, पण ती सुटते सर्वेक्षण-सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवरून. कोणत्या सर्व्हरला या डोमेनच्या नावाने ईमेल पाठवायची मुभा आहे, हे एसपीएफ नोंद सांगते. वाटेत फेरफार झाला नाही, याची खात्री डीकेआयएमची डिजिटल सही देते. आणि वाचणाऱ्याला दिसणारा पत्ता या दोहोंपैकी एकाशी तरी जुळतो का, हे डीमार्क पाहतं. ही तजवीज नसेल, तर खरं निमंत्रण आणि तोतयाचं पत्र यांतला फरक ओळखणं फिल्टरला अवघड जातं. जीमेल खात्यांवर दिवसाला ५,००० किंवा अधिक ईमेल पाठवणाऱ्यांना फेब्रुवारी २०२४पासून या तिन्ही गोष्टी बंधनकारक झाल्या. शिवाय स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत ठेवाव्या लागतात. हजार ईमेलमागे तिघांनी वैतागून ‘स्पॅम’चं बटण दाबलं, तरी ही मर्यादा गाठली जाते.

म्हणून लिहिताना विचार करायचा तो या तिघांचा. ‘सर्वेक्षणात भाग घ्या, आकर्षक बक्षिसं जिंका!!!’ या विषयाच्या ओळीवरून कोण कशाबद्दल विचारतंय, हेच कळत नाही. ‘२०१५च्या वाणिज्य पदवीधरांसाठी: नोकरीबद्दल आठ प्रश्न’ ही ओळ वाचताच हे आपल्यासाठी आहे, हे उमगतं. आत चार गोष्टी पुरतात: कोण विचारतंय, तुमचा पत्ता कुठून मिळाला, किती वेळ लागेल आणि उत्तरांचं पुढे काय होणार. मजकूर चित्रात न घालता अक्षरांत लिहावा. लिंक एकच आणि पूर्ण द्यावी. आखूड केलेल्या लिंकमागे खरा पत्ता लपतो, आणि फसवणूक करणारेही तीच युक्ती वापरतात.

बक्षिसाशिवाय फॉर्म भरणार कोण, असं कुणी विचारेल. मोबदल्याने प्रतिसाद वाढतो, हे खरंच आहे. तो जरूर द्यावा, पण त्याच्या अटी मजकुरात स्पष्ट लिहाव्यात. विषयाच्या ओळीत त्याचा डांगोरा पिटू नये. यादीतून नाव काढायची सोय दिली तर लोक गळतील, ही दुसरी भीती. गळणारा माणूस फक्त आपला पत्ता घेऊन जातो. सोय न सापडल्याने ‘स्पॅम’ दाबणारा इतरांपर्यंतची वाटही अडवतो. आम्ही मोजक्यांनाच पाठवतो, ही सबबही टिकत नाही, कारण एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी जीमेलला सर्वांकडूनच हवं असतं. तेव्हा विकत घेतलेल्या याद्या टाकून द्या, डोमेनच्या नोंदी तपासा, आणि ज्यांना तुम्ही खरोखर ओळखता त्यांनाच विचारा.