निर्जन बेटे आणि शाश्वत पर्यटन-निवास : मालदीवचा अनुभव, लक्षद्वीपचा प्रश्न

'निर्जन बेट' हा शब्द वाचला की ते बेट मोकळे पडलेले आहे, त्यावर कोणाचा हक्क नाही आणि म्हणून तेथे काहीही उभारता येईल, असा अर्थ सहज घेतला जातो. अशा बेटांवर पर्यटकांसाठी निवासस्थाने उभारण्याचा जगातील बहुधा सर्वांत मोठा प्रयोग गेल्या पन्नास वर्षांत मालदीव या शेजारी मुस्लिम राष्ट्रात झाला. आज त्याच धर्तीवर लक्षद्वीपचा विचार होत असल्यामुळे हा अनुभव बारकाईने पाहणे अगत्याचे आहे.

मालदीवमध्ये सुमारे १,२०० बेटे असून त्यांपैकी दोनशेच्या आतबाहेर बेटांवर वस्ती आहे. उरलेली बेटे ओसाड होती असे मात्र नव्हे. चौदाव्या शतकात इब्न बतूता येथे काही काळ काझी होता. त्याच्या सफरनाम्यात या बेटांतील नारळ, काथ्या, सुकी मासळी आणि कवड्यांच्या व्यापाराचे तपशीलवार वर्णन आहे. वस्ती नसलेली बेटे नारळाच्या उत्पन्नासाठी खंडाने दिली जात. लोक तेथे राहत नसत. पण सरपण आणण्यास, नारळ उतरविण्यास व मासेमारीच्या वेळी विसावा घेण्यास जात. (जाता जाता सांगावयाचे म्हणजे, भूगोलाच्या पुस्तकांत आपण ज्याला 'अटोल' म्हणतो, तो शब्द मूळचा मालदीवच्या धिवेही भाषेतील 'अतोळू' होय. इंग्रजीमार्गे तो आपल्याकडे आला, म्हणून तो परका वाटतो इतकेच.)

लोक तेथे का राहत नसत, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर पाण्यात आहे. प्रवाळी बेट म्हणजे वाळू व चुनखडीचा सच्छिद्र ढीग. त्यात मुरलेले पावसाचे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. गोड्या पाण्याची घनता १.०००, समुद्राच्या पाण्याची सुमारे १.०२५. या फरकामुळे गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर एक हात असेल, तर तत्त्वतः तिच्याखाली चाळीस हात गोडे पाणी असते. विज्ञान शिकविणाऱ्यांना वर्गात फळ्यावर सोडवून दाखविता येईल असे हे गणित आहे. प्रत्यक्षात लहान बेटावर हा थर याहून पुष्कळच पातळ असतो, कारण वाळूतून पाणी कडेने निसटते आणि भरती-ओहोटी दोन्ही पाणी एकमेकांत मिसळते. विहिरीतून बेताने पाणी शेंदले तर थर टिकतो. पंप लावून उपसा केला की खालचे खारे पाणी वर चढते. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर मालदीवच्या अनेक वस्तीच्या बेटांवरील विहिरी खाऱ्या झाल्या, त्यावरून हा साठा किती नाजूक आहे याची कल्पना येते. लहान बेट सोडून मोठ्या बेटावर राहणाऱ्या पूर्वजांना हे गणित ठाऊक नसेल. पण त्यांचा निर्णय त्याला धरूनच होता.

पर्यटनाची सुरुवात १९७२ साली झाली. राजधानी मालेजवळच्या विहामनाफुशी या निर्जन बेटावर त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये 'कुरुंबा' हे पहिले निवासस्थान उघडले. प्रवाळाचे दगड आणि झावळ्या वापरून बांधलेल्या अवघ्या तीस खोल्या होत्या. येथे पर्यटन चालणार नाही असे मत संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी १९६० च्या दशकात दिले होते, असे सांगितले जाते. आज अशा बेटांची संख्या दीडशेहून अधिक आहे आणि २०२४ मध्ये वर्षभरात आलेल्या पर्यटकांनी प्रथमच वीस लाखांचा टप्पा ओलांडला.

या पद्धतीचे सूत्र 'एक बेट, एक हॉटेल' असे आहे. बेट सरकारच्या मालकीचे राहते आणि दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने कंपनीला दिले जाते. बांधकाम झाडांच्या शेंड्यांपेक्षा उंच नसावे, बेटाच्या ठरावीक हिश्श्यावरच बांधावे, प्रत्येक खोलीपुढे किनाऱ्याची किमान लांबी सोडावी, असे नियम आरंभीच्या काळातच आले. हे नियम कौतुकास्पद होते यात संशय नाही. समुद्रकिनारी बहुमजली इमारतींची रांग उभी करणाऱ्या कित्येक देशांना ते सुचले नाहीत.

परंतु ज्या बेटावर माणसाला राहण्यापुरते पाणी नव्हते, तेथे शेकडो पाहुणे व तितकेच नोकर राहू लागले, तेव्हा उणीव बाहेरून भरून काढणे भाग पडले. प्रत्येक बेटाला समुद्राचे पाणी गोडे करण्याचे यंत्र, ते चालविण्यासाठी वीज, विजेसाठी डिझेल आणि डिझेलसाठी जहाज, अशी ही साखळी आहे. भाजीपाला, मांस आणि तांदूळ परदेशातून येतो. सौरऊर्जेचा वापर वाढत आहे, तरी डिझेलचा मोठा वाटा अद्याप हटलेला नाही.

कचऱ्याची गोष्ट अधिक बोलकी आहे. मालेनजीकच्या थिलाफुशी या खाजणात १९९२ पासून कचरा टाकण्यास आरंभ झाला आणि भराव पडता पडता तेथे चक्क एक बेट तयार झाले. राजधानीबरोबरच पर्यटन-बेटांचा कचराही तेथे जाऊ लागला. उघड्यावर जाळल्या जाणाऱ्या कचऱ्याचा धूर अनेक वर्षे राजधानीच्या दिशेने येत असे. ही जाळपोळ २०२१ मध्ये थांबविण्यात आली. पाहुण्याच्या किनाऱ्यावर कागदाचा कपटाही दिसत नसे आणि त्याचा कचरा दुसऱ्यांच्या डोळ्यांत जात असे. शाश्वततेचा हिशेब बेटाच्या कडेपाशी थांबविला की असे घडते.

सर्वच हॉटेलांनी अशी डोळेझाक केली नाही. बा अटोलमधील कुनफुनाधू बेटावर १९९५ पासून चालणाऱ्या सोनेवा फुशीने २००८ मध्ये बाटलीबंद पाण्याची आयात बंद केली व तेथेच शुद्ध केलेले पाणी काचेच्या बाटल्यांतून देण्यास सुरुवात केली. कचरा बेटावरच वेगळा करून वापरात आणण्याची व्यवस्थाही तेथे आहे. मात्र अशा ठिकाणी एका रात्रीचे भाडे सामान्य प्राध्यापकाच्या महिन्याच्या पगाराला मागे टाकते. तेव्हा हा नमुना सर्वांना परवडेल काय, हे वेगळे सांगावयास नको.

किनाऱ्याचाही प्रश्न आहे. मालदीवच्या बेटांची वाळू नैर्ऋत्य व ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकते आणि परतते. वक्करू बेटाभोवतीच्या प्रवाळरांगेचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे नव्याने तयार होणाऱ्या वाळूपैकी ८५ टक्क्यांहून अधिक वाळू पोपटमासे प्रवाळ कुरतडून निर्माण करतात, असे त्यात आढळले. म्हणजे जिवंत प्रवाळ व मासे टिकले तरच किनारा टिकतो. पर्यटकाला खोली तर नेमकी पाण्याला लागून हवी असते. मग सरकणारी वाळू अडविण्यासाठी बांध घालावे लागतात आणि एका जागी अडविलेली वाळू दुसरीकडे कमी पडते.

सामाजिक बाजूही दुर्लक्षिण्यासारखी नाही. पर्यटकांना वस्तीपासून दूर ठेवल्यामुळे मद्य व पेहराव यांबाबतचे वाद गावांत शिरले नाहीत, हे अनेकांना सोयीचे वाटले. परंतु त्यामुळे उत्पन्नही गावात शिरले नाही. नोकऱ्यांत परदेशी कामगारांचा भरणा मोठा झाला आणि घरापासून दूर, हॉटेलच्याच बेटावर राहावे लागत असल्याने स्थानिक स्त्रियांचे प्रमाण फार कमी राहिले. २००९ नंतर वस्तीच्या बेटांवर छोटी अतिथिगृहे चालविण्यास मुभा मिळाली, तेव्हा माफुशीसारख्या बेटांवरील कुटुंबे प्रथमच या व्यवसायात मालक म्हणून उतरली.

आता लक्षद्वीप. एकूण ३६ बेटे, वस्ती १० बेटांवर, क्षेत्रफळ अवघे ३२ चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ६४,४७३. मिनिकॉयची भाषा तर धिवेहीचेच एक रूप होय. बंगाराम या निर्जन बेटावर १९८० च्या दशकापासून पर्यटन-निवास आहे. दारूबंदी असलेल्या या प्रदेशात तेथे मद्याला सूट देण्यात आली, म्हणजे मालदीवचीच वाट. येथील 'पंडारम' जमिनींचा इतिहास मात्र निराळा आहे. 'पंडारम' म्हणजे आपले भांडार, अर्थात खजिना. कण्णूरच्या अरक्कल या मुस्लिम राजघराण्याच्या ताब्यातील या जमिनी पुढे सरकारकडे गेल्या आणि नारळ-लागवडीसाठी बेटांवरील कुटुंबांना लावून देण्यात आल्या. २०२४ मध्ये प्रशासनाने त्या परत घेण्याच्या दृष्टीने पावले उचलली, तेव्हा वाद केरळ उच्च न्यायालयात गेला. निर्जन जागेवरही कुटुंबांचे पिढीजात हक्क कसे असतात, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणार नाही.

बंगारामच्याच अटोलमधील परळी-१ हे बेट झिजून पूर्णपणे नाहीसे झाल्याचे २०१७ मध्ये पुढे आलेल्या एका संशोधनात नोंदविले गेले. सुहेली या दुसऱ्या निर्जन बेटावर ११० खोल्यांचे हॉटेल उभारण्याची घोषणा जानेवारी २०२३ मध्ये झाली; त्यांपैकी ५० खोल्या खाजणाच्या पाण्यावर उभ्या राहावयाच्या आहेत. कागदोपत्री सुहेलीवर कोणी राहत नाही. मासेमारीच्या हंगामात मात्र इतर बेटांवरील मच्छीमार तेथे झावळ्यांच्या झोपड्या घालून मुक्काम करतात, ट्यूना उकडून, धुरावून, वाळवून त्याचे 'मास' तयार करतात आणि पावसाळ्याआधी घरी परततात.