तापीची वळणे : एका अभ्यासभेटीचा हेतू

‘नागमोडी’ हे विशेषण आपण कोणत्याही वळणदार नदीस सहज लावतो. परंतु भूरूपशास्त्राच्या दृष्टीने सर्व वळणे एकाच जातीची नव्हेत. जी नदी स्वतः पसरलेल्या मऊ गाळाच्या मैदानातून वाहते आणि जिचे पात्र कालांतराने बाजूस सरकू शकते, तिच्याच वळणांस ‘मुक्त’ म्हणणे योग्य होय. तुर्कस्तानातील मेंदेरेस नदीच्या प्राचीन ग्रीक नावावरून या भूरूपाची पाश्चात्त्य संज्ञा रूढ झाली. खानदेशातील तापी या व्याख्येत बसते काय, हा प्रश्न मनाशी धरून अभ्यासकाने जळगाव व धुळे जिल्ह्यांतील नदीकाठ पाहावा.

प्रथम मूळ क्रिया लक्षात घेऊ. वळणावर पृष्ठभागावरील पाणी बाहेरच्या काठाकडे लोटले जाते व तळालगतचे पाणी आतल्या काठाकडे वळते. त्यामुळे बाहेरचा काठ खचतो आणि आतल्या काठाशी वाळू साचते. वळण वाढत जाऊन त्याची मान अरुंद होते. एखाद्या पुरात ती तुटते आणि मागे नालाकृती सरोवर उरते. अशा एका पूर्ण वळणाची लांबी सामान्यतः पात्राच्या रुंदीच्या १० ते १४ पट असते.

मध्य प्रदेशातील मुलताई येथे उगम पावणारी, सुमारे ७२४ किलोमीटर लांबीची तापी खानदेशात सातपुडा व अजिंठा-सातमाळा डोंगररांगांमधील खचलेल्या भूभागातून पश्चिमेस वाहते. या भागात गाळाचे थर जाड आहेत. तेव्हा मुक्त वळणांस आवश्यक ते साहित्य येथे आहेच. परंतु नदीने याच गाळात खोलवर पात्र कोरले आहे. काठ उंच व तुटलेले असल्याने मध्यम पूर पात्रातच सामावतो आणि नदीला बाजूस सरकण्यास फारसा वाव राहत नाही. विश्वास काळे व प्रमोदकुमार हिरे यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तापीच्या पात्राचे स्वरूप घडविण्यात क्वचित येणाऱ्या मोठ्या पुरांचे महत्त्व विशद केले आहे. सारांश, तापीची वळणे बव्हंशी बंदिस्त होत.

भेटीचा आरंभ चांगदेव येथील तापी-पूर्णा संगमापासून करावा. तेथील विस्तीर्ण, संथ पाणी पाहून पूरमैदानाचा भास होतो; वस्तुतः तो १९८२ साली पूर्ण झालेल्या हतनूर धरणाचा फुगवटा आहे. हिवाळ्यात स्थलांतरित पक्ष्यांना आश्रय देणारी ही पाणथळ भूमी मौल्यवान आहे, पण ती मानवनिर्मित आहे, याचा विसर पडू नये. त्यानंतर काठालगतच्या घळींत उतरावे. उघड्या कड्यांत गाळ, वाळू, गोटे व चुन्याचे खडे यांचे थर दिसतात. नदीचा इतिहास येथेच वाचावयाचा असतो. शेवटी धुळ्याची पांझरा पाहावी. पूर्वेकडे वाहणारी ही नदी धुळ्याच्या पुढे उत्तरेस वळते व मुडावद येथे तापीस मिळते. हे मोठे वळण केवळ नकाशावरून नागमोडी समजणे घाईचे ठरेल. वळण दिसताच त्याखालील खडक तपासणे हा अभ्यासकाचा पहिला धर्म होय.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. मुक्त नदीस सरकण्यासाठी रुंद पट्टा मोकळा ठेवावा लागतो. बंदिस्त नदीच्या काठी मुख्य प्रश्न घळींनी गिळलेल्या शेतीचा असतो. निदान चुकल्यास उपायही चुकतो. शिवाय आतल्या काठांवरील वाळूचा उपसा झाला किंवा घळी सपाट करण्यात आल्या, तर वर वर्णिलेला पुरावाच नष्ट होतो. म्हणून प्रत्येक तुकडीने ठराविक ठिकाणी पात्राचा छेद मोजून त्याची नोंद विभागाच्या संग्रही ठेवावी. एका भेटीतून नदीचे दर्शन घडते. तिची गती मात्र वर्षानुवर्षांच्या नोंदींतूनच कळते.