बर्फाचा आठवडा आणि विकत घेतलेला आठवडा

गेल्या महिनाभरात एकच प्रश्न मला चार जणांनी विचारला. दोघं इथले रायपूरचे, एक नागपूरचे, एक इंदूरचे. प्रश्न असा, "साहेब, टाइमशेअरची मेंबरशिप घेतोय. मनालीला रिसॉर्ट आहे. जानेवारीत जाऊ, बर्फ बघू, जमलं तर स्कीइंग करू. घ्यावी का?" चौघंही साठीच्या आसपासचे, चौघांच्या खात्यात रिटायरमेंटचे पैसे नुकतेच आलेले. हा योगायोग नाही. विकणाऱ्यांना आपलं वय बरोबर माहीत असतं.

आधी टाइमशेअर म्हणजे काय ते बघू. तुम्ही खोली विकत घेत नाही. खोली वापरायचा हक्क घेता, वर्षातून ठरावीक दिवस, ठरावीक वर्षं. आपल्याकडे सर्वात ओळखीचा प्रकार म्हणजे वर्षाला ७ दिवस, २५ वर्षं. एकदा मोठी रक्कम द्यायची आणि शिवाय दरवर्षी मेंटेनन्सची फी. ती फी तुम्ही गेलात तरी आहे, नाही गेलात तरी आहे.

गंमत अशी की ही कल्पना वाढली ती बर्फातच. स्वित्झर्लंडमध्ये १९६३ साली हापिमाग नावाची कंपनी सुरू झाली. मग १९६७ च्या सुमारास फ्रेंच आल्प्समधल्या सुपरदेवोल्यूई या स्की रिसॉर्टनं लोकांना सांगितलं, की दरवर्षी खोली भाड्यानं कशाला घेता, हॉटेलचाच तुकडा घ्या, स्वस्त पडेल. तिथे ते पटण्यासारखं होतं. युरोपातली कुटुंबं दरवर्षी त्याच डोंगरावर, त्याच सुट्टीत स्कीइंगला जातात. फिनलंडमध्ये तर शाळांची हिवाळी सुट्टी विभागवार वर्षाच्या ८व्या, ९व्या आणि १०व्या आठवड्यात येते. आपल्या मुलांच्या सुट्टीचाच आठवडा विकत घेतला की पुढची चिंता मिटली. आपल्या महिंद्रा हॉलिडेजनं २०१५ मध्ये फिनलंडच्या हॉलिडे क्लब कंपनीतला बहुतांश हिस्सा घेतला. त्या कंपनीचं एक रिसॉर्ट स्वीडनमधल्या ओरे गावात आहे, जिथे २०१९ ची अल्पाइन स्कीइंगची जागतिक स्पर्धा झाली.

भारतात स्टर्लिंग १९८६ पासून आणि महिंद्रा १९९६ पासून या धंद्यात आहेत. दोघांचीही मनालीला रिसॉर्ट आहेत, आणि मनालीहून सोलंगचे स्कीचे उतार साधारण १४ किलोमीटरवर. पण आपली पद्धत युरोपपेक्षा वेगळी. आपल्याकडे बहुतेक वेळा ठरलेला आठवडा मिळत नाही. वर्षाचे सीझन पाडलेले असतात, प्रत्येकाची किंमत वेगळी, आणि आपल्या सीझनमध्ये खोली शिल्लक असेल तर बुकिंग मिळतं. म्हणजे कंपनी तुम्हाला आठवड्याची खात्री देत नाही, आणि बर्फाची खात्री तर कुणीच देत नाही.

बर्फाचं नीट समजून घ्या. हिमाचल, काश्मीर, उत्तराखंडातला हिवाळी बर्फ येतो वेस्टर्न डिस्टर्बन्समुळे, म्हणजे भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या ढगांमुळे. ते ढग तारीख पाळत नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग कोरडं पडलं होतं, पिवळ्या गवताचे फोटो सगळ्यांनी पाहिले. २०२३ मध्ये औलीला व्हायच्या राष्ट्रीय हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी रद्द कराव्या लागल्या. २०२५ मध्ये गुलमर्गचा खेलो इंडियाचा बर्फातला टप्पा फेब्रुवारीतून मार्चवर गेला. सरकारी स्पर्धा पुढे ढकलता येते. तीन महिने आधी बुक केलेला टाइमशेअरचा आठवडा तसा ढकलता येईलच असं नाही.

आता आपल्या फायद्याची गोष्ट सांगतो, जी विक्रीवाला सहसा सांगत नाही. युरोपात बर्फाचा आठवडा सर्वात महाग. आपल्याकडे थंड हवेच्या ठिकाणी खरी झुंबड मे-जूनला, दिवाळीला आणि नाताळ ते नववर्षात, म्हणजे शाळांच्या सुट्टीत. चांगला बर्फ मात्र बहुधा मध्य जानेवारी ते फेब्रुवारीअखेर, जेव्हा पोरांच्या परीक्षा डोक्यावर असतात. रिटायर माणसाला परीक्षा नाही! तेव्हा महागडा सीझन घेण्याआधी त्या विशिष्ट रिसॉर्टचा सीझन-तक्ता मागा आणि फेब्रुवारीचे आठवडे कुठल्या रंगात आहेत ते स्वतः बघा. नातवंडांना घेऊन २५ डिसेंबरलाच जायचं असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा गर्दी नक्की असते, सोलंगला बर्फ असेलच असं नाही.

आता हिशेब. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. समजा मेंबरशिप ४ लाख, वार्षिक फी २० हजार. तेच ४ लाख ७ टक्के व्याजानं ठेवून २५ वर्षांत मुद्दलासकट संपवायचे ठरवले, तर दरवर्षी सुमारे ३४,३०० रुपये हातात येतात. त्यात २० हजार मिळवा, झाले ५४,३००. भागिले ७, म्हणजे रात्रीचे जवळपास ७,७५० रुपये. यात जेवण नाही, प्रवास नाही, आणि फी पुढे वाढेल तीही धरलेली नाही. एखाद्या वर्षी गेला नाहीत तर गणित आणखी बिघडतं. आता फेब्रुवारीतल्या एखाद्या मंगळवारी मनालीत तशीच खोली सरळ भाड्यानं केवढ्याला मिळते ते मोबाइलवर बघा. चार जणांचं कुटुंब किचनवाल्या अपार्टमेंटमध्ये दरवर्षी खरंच जात असेल, तर टाइमशेअर परवडू शकतो. नवरा-बायको दोघंच, तेही दोन वर्षांतून एकदा, तर मला तरी परवडताना दिसत नाही. आणि साठाव्या वर्षी घेतलेली २५ वर्षांची मेंबरशिप पंच्याऐंशीव्या वर्षी संपते. मुलाच्या नावावर होते का, त्याला किती पैसे पडतात, हे सही करण्याआधी कागदावर बघा. सेल्समननं तोंडी दिलेलं वचन आणि धाब्यावरच्या वेटरनं सांगितलेलं "पाच मिनिटं", दोन्हींची किंमत सारखीच. करार रद्द करून पैसे परत मिळायची मुदत किती दिवसांची, हे त्याच संध्याकाळी वाचा, कारण ती छोटी असते. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

आता स्कीइंग. फौजेत स्कीइंग हा खेळ नव्हे, गरज होती. डिसेंबर १९४८ मध्ये जनरल थिमय्यांच्या १९ इन्फंट्री डिव्हिजननं गुलमर्गला स्की स्कूल काढलं. तेच पुढे हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल झालं. तिथे धडधाकट जवानही पहिले कित्येक दिवस पडण्यातच घालवतात. तेव्हा "एका तासात शिकवतो" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मनालीच्या सरकारी पर्वतारोहण संस्थेचा प्राथमिक कोर्स १४ दिवसांचा आहे आणि औलीला गढवाल मंडल विकास निगमचे ७ आणि १४ दिवसांचे. म्हणजे सात रात्रींच्या टाइमशेअरमध्ये १४ दिवसांचा कोर्स बसत नाही. कोर्सला वयाची अट असते, तीही आधी विचारा. खरंच शिकायचं असेल तर कोर्सच्या वसतिगृहात राहा. रिसॉर्टच्या आठवड्यात फार तर दोन-तीन सकाळी प्रशिक्षक लावून सपाटीवर थांबायला शिका, म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब. तेवढं आलं तरी मजा येते.

पडण्यानं साठीत सर्वात आधी जातात गुडघ्याचे लिगामेंट. बूट मापाचाच घ्या. सोलंगच्या रस्त्यावर कोट आणि बूट भाड्यानं देणारे खोके ओळीनं लागतात, पण तिथले गमबूट बर्फात चालण्यासाठी असतात, स्कीइंगचे बूट वेगळे. विम्याची पॉलिसी काढून बघा, पुष्कळ पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात. आणि उंची विसरू नका. रायपूर समुद्रसपाटीपासून ३०० मीटर, मनाली २,०५० च्या आसपास. तिथवर फारसा त्रास होत नाही. पण गुलमर्गचा गोंडोला दुसऱ्या टप्प्यात ३,९०० मीटरच्या वर नेतो, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ६० टक्के. हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय दुसऱ्या टप्प्याचं तिकीट काढू नका.

प्रवासाचं थोडक्यात. रायपूरहून छत्तीसगड एक्स्प्रेसनं अंबाला, पुढे रस्त्यानं मनाली. किंवा विमानानं दिल्ली आणि पुढे सुमारे ५४० किलोमीटर रस्ता. भुंतरच्या विमानतळावर हिवाळ्यात भरवसा ठेवू नका. सात दिवसांच्या मुक्कामासाठी अकरा दिवस घरातून काढावे लागतात. सोलंगला बर्फ नसेल तर अटल टनेलमधून लाहौलकडे सिस्सूला मिळू शकतो. टनेलचं दक्षिण तोंड मनालीहून २५ किलोमीटरवर. मात्र जोराचा बर्फ पडला की पोलीस गाड्या अडवतात, त्यांच्याशी वाद घालू नका.

निघण्याच्या चार दिवस आधी रिसॉर्टला फोन करा आणि तीन गोष्टी विचारा. खोलीत हीटर आहे का आणि त्याचे वेगळे पैसे आहेत का, वीज गेली तर जनरेटरवर हीटर चालतो का, आणि काल सोलंगला किती बर्फ होता. तिसऱ्याचं उत्तर रिसेप्शनवरच्या मुलापेक्षा तिथला ड्रायव्हर जास्त खरं देतो, त्याचाही नंबर मागून घ्या.