दोन इंचांचा हिशेब

जुन्या मारुती जिप्सीची उंची दोन इंचांनी वाढवणे, म्हणजे गॅरेजच्या भाषेत गाडी ‘लिफ्ट’ करणे, हे काम कागदावर एका दिवसाचे दिसते : चारही चाकांवरचे कमानपाटे काढायचे, जास्त कमानीचे पाटे बसवायचे, लांब शॉकअब्सॉर्बर लावायचे आणि गाडी घोडीवरून खाली घ्यायची. प्रत्यक्षात त्या दोन इंचांमुळे गाडीखालचा जवळजवळ प्रत्येक दांडा, नळी आणि सांधा आपल्या मूळ कोनातून हलतो, आणि पाटे बसवून झाले की खऱ्या कामाला सुरुवात होते.

जिप्सीचा अधिकृत इतिहास थोडक्यात आटोपता येतो. सुझुकीच्या एसजे-४१० या छोट्या गाडीची लांब आवृत्ती म्हणून ती डिसेंबर १९८५ मध्ये ९७० सीसीच्या पेट्रोल इंजिनासह भारतात आली. १९९६ मध्ये ‘जिप्सी किंग’ला १२९८ सीसीचे इंजिन मिळाले आणि पुढे इंधन-इंजेक्शन आल्यावर तिची ताकद ८० अश्वशक्तीपर्यंत पोचली. सामान्य ग्राहकांसाठीचे उत्पादन २०१९च्या सुमारास थांबले, तरी लष्करात, पोलिसांत आणि ताडोब्यासारख्या अभयारण्यांतल्या सफारींत ती दिसत राहिली. तिच्या टिकण्याचे कारण तिच्या साधेपणात आहे : शिडीसारखी भक्कम चासी, पुढे-मागे अखंड हौजिंग, म्हणजे दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडणारी आसाची पेटी, आणि चारही कोपऱ्यांत कमानपाटे. त्यामुळेच तिच्यात फेरफार करणेही सोपे आहे, असा समज रूढ झाला.

लिफ्टने काय मिळते आणि काय मिळत नाही, हे आधी स्पष्ट व्हायला हवे, कारण बहुतेक निराशा तिथूनच सुरू होते. पाट्यांची कमान वाढवली की चासी आणि बॉडी वर जाते. हौजिंगच्या मधला गोल फुगवटा, ज्यात डिफरन्शियलचे गिअर असतात आणि जो दगडावर सर्वांत आधी आपटतो, तो होता तिथेच राहतो. तो वर जातो फक्त मोठ्या टायरमुळे, आणि तेही व्यासातल्या वाढीच्या निम्म्यानेच. किंगच्या २०५/७० आर १५ टायरच्या जागी २१५/७५ आर १५ घातला, तर व्यास सुमारे ३५ मिलिमीटरने वाढतो आणि फुगवटा जेमतेम १८ मिलिमीटर उचलला जातो. लिफ्टचे खरे काम म्हणजे त्या मोठ्या टायरला मडगार्डखाली जागा करून देणे आणि चढ-उतारावर गाडीचे पोट व टोके जमिनीला घासू न देणे; एवढेच अपेक्षित असेल, तर दोन इंच पुरेसे असतात.

ही उंची जिथे घडते त्या कमानपाट्यांच्या दुकानात थोडे रेंगाळणे भाग आहे. यू-बोल्टच्या गंजलेल्या नटांवर डिझेल सोडून, नाहीच सुटले तर गॅसने कापून, पाट्यांचा गठ्ठा खाली उतरतो. मधला सेंटर बोल्ट काढताच इतकी वर्षे दाबून धरलेले पाटे सैल होतात आणि त्यांच्यामधून लालसर गंजाची पूड गळते. टोकाला डोळे वळवलेला सर्वांत लांब तो मेन पाटा, आणि त्याखाली क्रमाने आखूड होत जाणारे बाकीचे. कारागीर आखूड पाटा लांब पाट्यावर ठेवून दोहोंच्या मधून दिसणारा उजेड पाहतो : आखूड पाट्याची कमान किंचित जास्त हवी, म्हणजे बोल्ट आवळल्यावर तो वरच्या पाट्याला ताणून धरतो आणि भार सर्वांत वाटला जातो. उजेड कमी दिसला की पाटा ऐरणीवर जातो आणि घणाचे ठोके थोड्याथोड्या अंतरावर, सारख्या जोराने पडू लागतात. ही नजर कोणत्याही पुस्तकातून येत नाही, आणि ती असलेले हात आता कमी होत चालले आहेत, याची रुखरुख वाटल्यावाचून राहत नाही.

मात्र नुसत्या ठोक्यांनी मिळालेली कमान फार काळ टिकत नाही. स्प्रिंगचे सिलिको-मँगनीज पोलाद लालभडक तापवून तेलात विझवावे लागते आणि मग मध्यम उष्णतेवर पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा घालवावा लागतो; हे टाळून थंडच ठोकलेला पाटा काही महिन्यांत पुन्हा बसतो. कमी उंचीवर आलेला पाटा ‘मऊ’ झाला, असे सर्रास म्हटले जाते, पण त्याचा ताठरपणा होता तेवढाच असतो, घटलेली असते ती कमान. उलट उंचीसाठी एखादा जादा पाटा घुसवला, तर ताठरपणा नक्की वाढतो, आणि आधीच हाडे खिळखिळी करणारी जिप्सी रिकामी असताना बैलगाडीहून वाईट चालते. जाडीच्या बाबतीत हिशेब आणखी कडक आहे : ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने दुप्पट जाडीचा पाटा आठपट ताठर होतो.

स्वस्त पर्याय लांब शॅकलचा. शॅकल म्हणजे पाट्याचे एक टोक चासीला जोडणारी हलती पट्टी. पाटा लांबला-आखडला की ती मागेपुढे झुलते. ती दोन इंचांनी लांब केली तर गाडी एकच इंच उचलली जाते, कारण हौजिंग पाट्याच्या साधारण मध्यावर असते. जिप्सीत पुढच्या पाट्यांचे शॅकल पुढच्या टोकाला असल्याने ते लांबवताच पाट्याचे पुढचे टोक खाली जाते आणि त्याबरोबर सगळे हौजिंग पुढे कलते. चाक ज्या किंगपिनभोवती वळते ती मुळात वरच्या बाजूने मागे कललेली असते. सायकलच्या चिमट्याला असलेल्या अशाच कलामुळे हँडल आपोआप सरळ होते. हा कल, ज्याला कॅस्टर म्हणतात, घटला की वळणानंतर स्टिअरिंग परत येईनासे होते आणि हमरस्त्यावर गाडी भरकटू लागते.

यावर उपाय म्हणून हौजिंग आणि पाट्यांमध्ये लोखंडी पाचर ठोकून कॅस्टर परत आणतात, आणि इथे या यंत्राचा हट्टीपणा दिसतो. कॅस्टर ज्या हौजिंगवर ठरतो, त्याच हौजिंगमधून प्रोपेलर शाफ्टला जोडणारे नाक मागे निघालेले असते. पाचरीने हौजिंग मागे कलवले की नाक खाली जाते आणि शाफ्टच्या सांध्यांचा कोन वाढतो. हा सांधा, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट, तिरका फिरताना दर फेऱ्यात दोनदा वेग कमी-जास्त करतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील तेव्हाच हा दोष एकमेकांत मिटतो, नाहीतर तो थरथर बनून केबिनमध्ये येतो. स्टिअरिंग दुरुस्त करावे तर शाफ्ट बिघडतो, शाफ्ट सांभाळावा तर स्टिअरिंग. हौजिंगची टोके कापून, फिरवून पुन्हा वेल्ड करणे हाच निर्दोष मार्ग, पण ते चुकले तर चाकच निखळते. म्हणून बहुतेक ठिकाणी अर्ध्या पाचरीवर तडजोड होते.

अडचणी एवढ्यावर थांबत नाहीत. चासीपासून हौजिंगपर्यंत येणारी ब्रेकची रबरी नळी चाक पूर्ण लोंबकळले असता ताणली जाते. मूळ शॉकअब्सॉर्बर तसेच ठेवले तर खड्ड्यात चाक खाली जाताना तेच अडसर बनतात आणि आतून फुटतात. स्टिअरिंगचा आडवा दांडा तिरका झाल्याने प्रत्येक उंचवट्यावर गाडी स्वतःहून किंचित वळते. मोठ्या टायरमुळे वेगमापक साठ दाखवत असताना गाडी त्रेसष्टने धावत असते. जिप्सीत हौजिंग पाट्यांच्या वर बसते. पाटे उचलून हौजिंगच्या वर घेण्याचा जहाल प्रकार पाच इंचांच्या आसपास उंची देतो, पण जेमतेम दीड मीटर रुंदीच्या गाडीचा गुरुत्वमध्य तेवढा वर नेणे म्हणजे घाटातल्या वळणावर उलटण्याला आमंत्रणच होय.

कायद्याची बाजूही सोपी नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार नोंदणीपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मनाई ठामपणे मान्य केली, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नूतनीकरणाला येते, आणि जिप्सी तर बहुतेक त्या वयाच्या पुढेच आहेत. त्या वेळी गाडी मूळ रूपात आणता यावी म्हणून जाणते मालक उतरवलेले पाटे, शॅकल आणि यू-बोल्ट भंगारात न घालता तेल लावून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवतात.