मुलं खेळणार, पाणी येणार? एका फसलेल्या पंपाची गोष्ट आणि 'डेव्हलपमेंट कन्सल्टंट'चं काम

शाळेच्या मैदानात गोल फिरणारी चक्री बसवायची. मुलं तिच्यावर खेळणार आणि त्या फिरण्याने बोअरवेलचं पाणी टाकीत चढणार. कल्पना भारी आहे ना? जगालाही तसंच वाटलं होतं!

दक्षिण आफ्रिकेतल्या या 'प्लेपंप'ला २००० साली वर्ल्ड बँकेचा पुरस्कार मिळाला. २००६ मध्ये अमेरिकेत त्यासाठी १ कोटी ६४ लाख डॉलर्स जाहीर झाले. २०१० पर्यंत आफ्रिकेतल्या १० देशांत ४००० पंप बसवायचं ठरलं.

मग माशी कुठे शिंकली? मुलं दमायची, कंटाळायची. मग ती जड चक्री हाताने ढकलायचं काम बायकांवर आलं. अनेक ठिकाणी आधीचा साधा हातपंप काढून तिथेच हा बसवला होता. 'द गार्डियन'ने २००९ मध्ये हिशोब मांडला, की ठरल्याएवढं पाणी हवं असेल तर मुलांना दिवसाला २७ तास खेळावं लागेल! ४००० चा आकडा गाठण्याआधीच मोहीम थांबली.

कन्सल्टंट नक्की करतो काय?

अशी चूक आधीच पकडणं हे डेव्हलपमेंट कन्सल्टंटचं काम. वर्ल्ड बँक, मनिलाची आशियाई विकास बँक, जर्मनीची जीआयझेड, जपानची जायका अशा संस्था पाणी, शेती, आरोग्याच्या प्रकल्पांसाठी असे लोक नेमतात. प्रकल्पाआधी पाहणी, आखणी आणि शेवटी मूल्यमापन अशी कामं असतात. करार बहुतेकदा ठरावीक मुदतीचा, पैसे दिवसाच्या हिशोबाने.

संस्कृतीचं प्रशिक्षण कशाला?

आपल्याकडे कुणी 'बघू' म्हणालं की आपण काय ते समजतो. परदेशी पाहुणा मात्र तो होकार म्हणून वहीत लिहून घेतो! मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९५० च्या दशकात अमेरिकी अधिकाऱ्यांना नेमकं हेच शिकवलं: न बोललेलं ऐकायचं कसं.

त्यासाठी परदेशातच जावं लागतं असंही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आदिवासींना विचारलं, दवाखान्यात का येत नाही? मोठ्या इमारतींची भीती वाटते, नातेवाईकांना सोबत राहता येत नाही, असं कळलं. मग दवाखानाच झोपड्यांच्या वस्तीसारखा बांधला आणि त्याला नाव दिलं माँ दंतेश्वरीचं.

या क्षेत्रात यायचं असेल तर?

• आधी एक विषय पक्का करा: पाणी, सार्वजनिक आरोग्य, शेती किंवा अर्थशास्त्र. नुसता 'कन्सल्टंट' कुणाला नको असतो.
• गावपातळीवर दोन-तीन वर्षं काम करा.
• इंग्रजीच्या जोडीला फ्रेंच शिका. पश्चिम आफ्रिकेत तिचा फार उपयोग होतो.
• 'यूएन व्हॉलंटियर्स'मधून सुरुवात करता येते.

एक धोका मात्र लक्षात ठेवा. हे काम देणगीदार देशांच्या पैशावर चालतं. १ जुलै २०२५ ला अमेरिकेच्या 'यूएसएड'ने मदतीचं काम अधिकृतपणे थांबवलं. ही संस्था बंद करताना जगभरात हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. त्यामुळे एकाच संस्थेवर विसंबू नका.

आणि कल्पना कितीही भारी वाटली, तरी आधी विचारा: चक्री ढकलणार कोण?