दिवसाला 180 लिटर, तासाला 30 मिलीलिटर

नळाला कित्येक दिवसांआड पाणी येतं, म्हणून छत्रपती संभाजीनगरच्या घराघरात 200 लिटरचा ड्रम भरून ठेवलेला असतो. निरोगी माणसाची दोन मूत्रपिंडं दिवसाला साधारण 180 लिटर पाणी गाळतात. जवळजवळ एक ड्रम! त्यातलं दीडेक लिटर लघवीवाटे जातं, बाकीचं शरीर परत घेतं. अंगात रक्तद्रव जेमतेम तीन लिटर, म्हणजे तोच दिवसातून साठ वेळा गाळला जातो.

हे करणारी मूत्रपिंडं दोन्ही मिळून 300 ग्रॅमच्या आसपास. एकेकात सरासरी 10 लाख गाळण्या. प्रत्येक गाळणीची नळी केसाहून बारीक. ती तीनच सेंटिमीटरची धरली, तरी 20 लाख नळ्यांची लांबी 60 किलोमीटर भरते. शहरातून वेरूळला जाऊन परत यावं, एवढी!

हा सगळा कारभार रक्ताच्या दाबावर चालतो. आपल्या पाणचक्कीत डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून यायचं आणि त्याच्या जोरावर जातं फिरायचं. जोर ओसरला की दळण थांबलं. हृदय मिनिटाला पाच लिटर रक्त फेकतं, त्यातलं लिटरभर एकट्या मूत्रपिंडांना लागतं. मोठ्या ऑपरेशनमध्ये रक्त जातं, भुलीनं दाब उतरतो, कधी जंतुसंसर्ग होतो, आणि गाळण्यांवर ताण येतो.

जगात वर्षाला 31 कोटींहून जास्त शस्त्रक्रिया होतात, 2011च्या जनगणनेतल्या महाराष्ट्राच्या जवळपास तिप्पट. त्यानंतरच्या 30 दिवसांत सुमारे 42 लाख माणसं दगावतात, असा 2019चा अंदाज आहे. त्यात ऑपरेशनमुळे मूत्रपिंडाला इजा झाली की संसर्ग, हृदयाचा त्रास, लांबलेला मुक्काम हे सगळंच वाढतं. हृदयाच्या ऑपरेशननंतर तर चार-पाच जणांमागे एकाला ती कमी-अधिक होते.

धोका जास्त कुणाला? उतारवय, मधुमेह, बीपी, रक्त कमी असणं, आधीच थकलेली मूत्रपिंडं, तातडीचं ऑपरेशन. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात रानातून थेट दवाखान्यात आलेलं, पाणी आटलेलं शरीर. आणि गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या डायक्लोफिनॅकच्या गोळ्या, ज्या डॉक्टरांना सांगायच्या राहून जातात.

इजा ओळखायचे आकडे मात्र इवलेसे. क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंडांनी गाळून टाकायचा रक्तातला कचरा. ते 48 तासांत डेसिलिटरमागे फक्त 0.3 मिलिग्रॅमनं वाढलं, तरी ती इजाच. 0.8चं 1.1 झालं तर रिपोर्ट ‘नॉर्मल’ही दिसू शकेल, म्हणून ऑपरेशनआधीचा आकडा जपून ठेवायचा. त्यातही क्रिएटिनिन उशिरा बोलतं. लघवी बरेचदा आधी बोलते: किलोमागे तासाला अर्धा मिलीलिटर, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 30 मिलीलिटर. त्याहून कमी सलग सहा तास, तर मूत्रपिंड अडचणीत आहे.

म्हणून घाटीच्या सरकारी रुग्णालयात असो की खासगी दवाखान्यात, रात्री दोन वाजता सिस्टर खाटेशी वाकून लघवीच्या पिशवीवरच्या रेघा वाचते आणि कागदावर आकडा टिपते, ते नुसतं कागद भरणं नसतं. 60 किलोमीटर नळ्यांची ती ख्यालीखुशाली असते. नातेवाइकांनी व्हरांड्यातून उठून एवढं जरूर विचारावं: ‘‘सिस्टर, लघवी किती झाली?’’